तीन लेकरांची आई, सायकलवर

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या माहेरी चार दिवस कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. निमित्त माझ्या भाचीचं. शिक्षण झालं, नोकरी लागली, आणि एके दिवशी जेवता जेवता तिनं जाहीर केलं की तासगावहून गणपतीपुळ्याला सायकलनं जाणार. एकटी. सांगली, कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, रत्नागिरी. रात्री तंबूत झोपणार. तंबू म्हणजे काय, तर छत्रीएवढी गुंडाळी. ती तिनं आम्हाला माजघरात उभारूनही दाखवली. वहिनींनी तो तंबू बघितला आणि ताटावरून उठल्या.

मग मला बोलावणं आलं. आत्याचं ती ऐकते, असा आमच्या घरात एक जुना गैरसमज आहे. मी गेले खरी समजूत घालायला, पण मनातून माझी गंमतच झाली होती. कारण सायकल म्हटलं की मला आठवते ती बारा वर्षांची मी. तासाला पन्नास पैसे भाड्याची, दांड्याची, पुरुषांची सायकल. सीटवर बसलं तर पाय पोचायचे नाहीत, म्हणून दांड्याखालून एक पाय पलीकडे घालून, वाकडं होऊन चालवायची. परकर चेनमध्ये अडकला की मागून हसणारी पोरं ठरलेली. दोन्ही गुडघे फुटले तेव्हा आजीनं हळद भरली आणि भरता भरता बजावलं, की बास झालं आता. पण मी चोरून चालवत राहिले. कवठेएकंदच्या रस्त्याला एकदा इतकी लांब गेले, की परत येताना दिवेलागण झाली. त्या दिवशी पाठीत बसलेला रट्टा अजून लक्षात आहे, आणि त्या रस्त्याचा वाराही.

तर समजूत घालायला बसले आणि भाचीनंच मला एका बाईची गोष्ट सांगितली. मग मी ती मिळवून वाचली. वाचली तेव्हापासून ही बाई डोक्यातून जाईना. कधी तिचं कौतुक वाटतं, कधी तिचा राग येतो. म्हणून म्हटलं, तुम्हाला सांगावी.

तिचं जन्मनाव अ‍ॅनी कोहेन. जन्म १८७० च्या सुमारास, आज ज्याला लॅटव्हिया म्हणतात त्या देशात, एका ज्यू घरात. अ‍ॅनी चार-पाच वर्षांची असताना, १८७५ साली हे कुटुंब अमेरिकेत बोस्टनला आलं. १८८७ मध्ये थोड्या दिवसांच्या अंतरानं वडील गेले, आई गेली. मोठ्या बहिणीचं लग्न झालेलं. धाकटी भावंडं अ‍ॅनी आणि तिच्या भावाच्या अंगावर पडली. अ‍ॅनी तेव्हा फार तर सतरा वर्षांची. पुढच्याच वर्षी तिचं लग्न झालं, मॅक्स कोपचोव्स्की या माणसाशी. धंदा फेरीवाल्याचा, वृत्ती धार्मिक. चार वर्षांत तीन मुलं. भाड्याच्या दाटीवाटीच्या खोल्या. घराला हातभार म्हणून अ‍ॅनी बोस्टनच्या वर्तमानपत्रांसाठी जाहिराती गोळा करायची. बघा, इथपर्यंतची गोष्ट आपल्यातल्या कुणाचीही असू शकते.

आणि ही बाई २५ जून १८९४ रोजी बोस्टनमध्ये राज्याच्या विधान भवनापुढं, चार-पाचशे लोकांच्या गर्दीत, सायकलवर बसली आणि पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. बरोबर काय? कपड्यांचा एक जादा जोड आणि मोत्याच्या शिंपल्याची मूठ असलेलं एक पिस्तूल. सायकल तिला किती येत होती? निघायच्या आधी दोन-तीन धडे घेतले होते, तेवढीच.

गाजावाजा असा होता, की बोस्टनच्या दोन श्रीमंत माणसांत पैज लागली आहे. बाईमाणसाला सायकलवरून जगप्रदक्षिणा जमणार नाही, असं एकाचं म्हणणं. अट अशी की पंधरा महिन्यांत परत यायचं, निघताना जवळ पैसा घ्यायचा नाही, आणि वाटेत स्वतःच्या कमाईनं पाच हजार डॉलर उभे करायचे. जमलं तर दहा हजार डॉलर बक्षीस. अ‍ॅनीच्या भावाचा पणतू पीटर झ्युटलिन यानं वर्षानुवर्षं जुनी वर्तमानपत्रं धुंडाळून २००७ साली तिच्यावर पुस्तक काढलं. त्याला या पैजेचा पक्का पुरावा मिळाला नाही. पैज कुणी लावलीच नसेल, तिच्याच डोक्यातून निघाली असेल, असा त्याला दाट संशय. जाहिराती विकणारी बाई होती ती! लोक कशाला थांबून बघतात हे तिला बरोबर ठाऊक होतं.

तो काळच सायकलचा होता. दोन्ही चाकं सारखी, हवा भरलेले टायर असलेली सायकल तेव्हा नुकतीच आली होती आणि बायका ती घ्यायला लागल्या होत्या. लगेच डॉक्टर मंडळी पुढं सरसावली. सायकल चालवून बाईचा चेहरा कायमचा ताणला जातो, मुलं होत नाहीत, चाल बिघडते, असलं काहीबाही छापून यायचं. माझ्या आजीनं यातलं काही वाचलेलं नव्हतं, पण मला सांगताना तिची कारणं मात्र हीच होती. तिकडं बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सुझन अँथनी यांनी १८९६ मध्ये उघड म्हटलं, की बाईला मोकळं करायला सायकलीनं जेवढं केलं तेवढं जगात दुसऱ्या कशानं केलं नसेल. आणि आपल्याकडं त्या साली काय होतं? पुण्यात सावित्रीबाई अजून हयात होत्या. लहानपणी झालेलं लग्न नाकारून कोर्टात उभ्या राहिलेल्या रखमाबाई १८९४ सालीच इंग्लंडात डॉक्टर झाल्या. म्हणजे बाया सगळीकडंच उंबरा ओलांडत होत्या, कुणी बोटीनं, कुणी पायी.

आता तिच्या नावाची गंमत. लंडनडेरी नावाची बाटलीबंद पाण्याची एक कंपनी होती. तिनं अ‍ॅनीला शंभर डॉलर दिले. बदल्यात सायकलच्या मागच्या चाकावर कंपनीची पाटी लावायची आणि प्रवासभर आडनाव लावायचं लंडनडेरी. ती तयार झाली. कोपचोव्स्की हे आडनाव ऐकून ज्यू बाई म्हणून कुणी दार लावून घेतलं असतं, तोही धोका टळला. आपण सगळ्यांनी लग्नात आडनाव बदललं, काहींनी तर नावही बदललं, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत ते नाहीतच, उलट माहेरानं दिले. या बाईनं शंभर डॉलर वाजवून घेतले.

पहिली सायकल होती कोलंबिया कंपनीची बायकांची. वजन ४२ पौंड, म्हणजे १९ किलो. द्राक्षांच्या चार किलोच्या जवळजवळ पाच पेट्या समजा. त्यावर ही लांब घागरा, आत चोळी आवळलेली, अशा वेषात. शिकागोला पोचायला तिला २४ सप्टेंबर उजाडला. तीन महिने गेले, अंगावरचं नऊ-दहा किलो मांस उतरलं, आणि पुढं थंडी, बर्फ, डोंगर. तिनं जवळजवळ हाय खाल्ली होती.

मला विचाराल तर तिची खरी गोष्ट इथं सुरू होते. तिनं ती जड सायकल टाकली आणि स्टर्लिंग कंपनीची पुरुषांची सायकल घेतली. २१ पौंडांची, म्हणजे साडेनऊ किलोची, निम्म्या वजनाची. गिअर एकच आणि ब्रेक नाही! घागराही गेला. त्याच्या जागी ब्लूमर, म्हणजे आपली ढगळ सलवार घोट्याशी बांधावी तसा प्रकार. पुढं तर तिनं पुरुषी विजारच घातली. यावरून केवढा गहजब झाला! मला वाचताना आमच्या आजीचं नऊवारी आठवलं. घट्ट कासोटा मारून ती भुईमूग काढायची, गाडीत चढायची, झाडावरसुद्धा चढायची. कासोट्याच्या लुगड्यावर सायकल मारायला कसली अडचण होती? तिला ती कुणी दिलीच नाही एवढंच.

पश्चिमेकडं बर्फ, म्हणून अ‍ॅनीनं दिशाच फिरवली. न्यूयॉर्कला परतली आणि नोव्हेंबरअखेर बोटीनं फ्रान्सला निघाली. तिथं उतरताच जकातवाल्यांनी सायकल अडकवली, जवळचे पैसे चोरीला गेले, आणि फ्रेंच वर्तमानपत्रांनी ही बाई आहे की बाप्या, असली टिंगल चालवली. तरी पॅरिसहून ती मार्सेलला पोचली १३ जानेवारी १८९५ रोजी, भर थंडीत. थोडी वाट आगगाडीनं काटली, बाकी सायकलनं. शहरात शिरताना एक पाय दुखावलेला, पट्टीत गुंडाळून हँडलवर टेकवलेला, आणि एकाच पायानं पेडल मारत आलेली ती. लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते म्हणे. पैसे कुठून येत होते? अंगावर, दंडावर, सायकलवर जाहिरातींच्या फिती लावायच्या. स्वतःचे फोटो सही करून विकायचे. दुकानांतून उभं राहायचं, व्याख्यानं द्यायची.

आणि व्याख्यानांत ही बाई थापा मारायची. सरळ सांगते, कारण हे लपवून तिची गोष्ट सांगण्यात अर्थ नाही. कुठं ती स्वतःला अनाथ म्हणायची, कुठं श्रीमंत घरची वारस, कुठं डॉक्टरकी शिकणारी. नवरा आणि तीन मुलं आहेत हे तर बहुतेक ठिकाणी सांगायचीच नाही. आणि त्यातली एक थाप आपल्या घरची आहे. अमेरिकेत परतल्यावर तिनं सांगितलं, की मी हिंदुस्थानात जर्मन राजघराण्यातल्या लोकांबरोबर वाघाची शिकार केली.

हे वाचल्यावर मी बोटं मोडत हिशोब केला, जसा आपण दुधाचा करतो तसा. मार्सेलहून तिची बोट सुटली २० जानेवारीला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ती जपानच्या योकोहामाहून अमेरिकेच्या बोटीवर होती. मधल्या सात आठवड्यांत अलेक्झांड्रिया, एडन, कोलंबो, सिंगापूर, सायगाव, हाँगकाँग, शांघाय, नागासाकी. म्हणजे बोट लागेल तिथं उतरायचं, सायकलवर फेरी मारायची, लोकांत मिसळायचं, पुन्हा बोटीवर. भारताच्या सगळ्यांत जवळ ती आली ती कोलंबोला. वाघ कुठला आणि जर्मन राजपुत्र कुठले! चीन-जपान लढाईत खांद्याला गोळी लागली, जपानी तुरुंगात पडले, हेही तिनं असंच ठोकून दिलं. तेव्हाच काहींनी टोमणा मारला होता, की ही बाई सायकलवरून कमी आणि सायकल बरोबर घेऊन जास्त फिरली. तो टोमणा अगदीच खोटा नव्हता.

खरोखर भारतभर सायकल मारणारी बाई दुसरीच. तिचं नाव फॅनी बुलक वर्कमन, तीही अमेरिकन. १८९७ च्या अखेरीपासून ती नवऱ्याबरोबर कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत देवळं, लेणी बघत फिरली, डाकबंगल्यात नाहीतर स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये झोपली. चौदा हजार मैलांच्या त्या सफरीचं दोघांनी लिहिलेलं पुस्तक १९०४ साली निघालं. पण फॅनी गडगंज श्रीमंत होती आणि शेजारी नवरा होता. अ‍ॅनीजवळ यातलं काहीच नव्हतं. तिच्या थापा म्हणजे तिचा शिधा होता, असं मला वाटतं. खऱ्या गोष्टीला लोक टाळ्या देतात, पैसे देत नाहीत. पण म्हणून मी त्या थापांना चांगलं म्हणणार नाही. कारण त्यांनी तिचं खरं कष्टाचं कामही संशयात ओढलं.

आणि ते कष्टाचं काम होतंच. २३ मार्च १८९५ रोजी ती सॅन फ्रान्सिस्कोला उतरली आणि तिथून पुढचे जवळजवळ सहा महिने अमेरिकेच्या पोटातून निघाली. कॅलिफोर्निया, मग अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोचं वाळवंट. तिथं रस्ता असा नव्हताच. मैलोन्‌मैल ती आगगाडीच्या रुळांच्या कडेनं गेली, कारण पाणी आणि माणूस सापडलं तर तिथंच. टायर फुटला की सायकल ढकलत चालायचं. एल पासो, डेन्व्हर, शायेन. नेब्रास्कात रस्त्यांचा चिखल झालेला, म्हणून बरीच वाट तिनं आगगाडीनं काटली. आणि शेवटाला आयोवात काय व्हावं, तर डुकरांचा कळप आडवा आला! ही आपटली, मनगट मोडलं. मोडलेलं मनगट प्लॅस्टरमध्ये घेऊन ती १२ सप्टेंबर १८९५ रोजी शिकागोला पोचली. पंधरा महिन्यांची मुदत संपायला अजून दिवस शिल्लक होते. वाघाची शिकार सांगणाऱ्या बाईला डुकरांनी पाडलं, आणि ही गोष्ट मात्र खरी. मला तर वाटतं तिनं हीच रंगवून सांगायला हवी होती.

आता तो प्रश्न, जो ही गोष्ट सांगितल्यावर वहिनींनी पहिल्यांदा विचारला. तुम्हीही केव्हाचा मनात धरून बसला असाल. तिची पोरं कुणी सांभाळली?

ती निघाली तेव्हा थोरली पाच-सहा वर्षांची होती, धाकटा अजून अंगाखांद्यावरचा. नवरा घरी होता, नातेवाईक होते, आजूबाजूला त्यांच्याच समाजाची वस्ती होती. मुलं उपाशी राहिली नाहीत. पण आई पंधरा महिने नव्हती.

इथं मला माझं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. १९९३ साली मी बी.एड.ला कोल्हापूरला गेले तेव्हा माझा मुलगा दीड वर्षाचा होता. आईकडं तासगावला ठेवला. दर शनिवारी एसटीनं यायचे, रविवारी संध्याकाळी परत. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एकदा आले तर तो माझ्याकडं यायलाच तयार होईना. आजीच्या पदराआड लपून माझ्याकडं परक्या बाईसारखा बघत राहिला. त्या रात्री मी ठरवलं होतं, की सोडून देते. आईनं सोडू दिलं नाही. नोकरी लागली, घर उभं राहिलं, त्याचं शिक्षण झालं. तो आता तेहतीसचा आहे आणि त्याला यातलं काही आठवत नाही. मला आठवतं. एक वर्षासाठी, नोकरीसाठी, दर आठवड्याला भेटून, आणि तरी हे. म्हणून अ‍ॅनीवर दगड उचलायला माझा हात होत नाही, आणि तिला डोक्यावर घेऊन नाचताही येत नाही.

परतल्यावर कुटुंब न्यूयॉर्कला गेलं. एका मोठ्या वर्तमानपत्रात तिनं प्रवासाची हकीकत लिहिली आणि काही काळ तिथं लेख लिहिले. १८९७ मध्ये चौथं अपत्य झालं, मुलगी. पण मुलांचं आणि तिचं सूत फारसं जमलं नाही. मुलांना तिनं निवासी शाळांत ठेवलं. थोरली मुलगी पुढं कॅथलिक झाली, जोगीण झाली. ज्यू घरात हे म्हणजे मुलगी मेल्यासारखंच, आणि आईनं तिच्याशी संबंध तोडला. जगभर वाट्टेल त्या आडनावानं वावरलेली, वाट्टेल तो वेष केलेली बाई, लेकीनं वेष बदलला ते तिला सोसलं नाही. याचा मी पुष्कळ विचार केला. मला उत्तर सापडलेलं नाही.

सायकलचं वेड मात्र तिथंच थांबलं. पुढं तिनं कपड्यांचा छोटा धंदा केला. तो आगीत गेला, तर पुन्हा नवा उभा केला. ११ नोव्हेंबर १९४७ रोजी ती वारली. वर्तमानपत्रांनी दखलही घेतली नाही, लोक तिला विसरून गेले होते. न्यूयॉर्क टाइम्सनं तिचा मृत्युलेख छापला तो २०१९ मध्ये, राहून गेलेल्या माणसांच्या सदरात. बहात्तर वर्षं उशिरा.

तोवर आपल्याकडच्याही पोरी निघाल्या होत्या. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल मारून जगप्रदक्षिणा पुरी केली, कोलकत्याला येऊन. आणि तिच्या प्रत्येक किलोमीटरची नोंद आहे, वाघाबिघाची गरज नाही.

हे सगळं मी वहिनींना सांगितलं, दोन दिवस, भाजी निवडता निवडता. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं की नाही, काही बोलल्या नाहीत. तंबूचा विषय निघाला की अजून गप्प व्हायच्या. शेवटी एवढंच ठरलं, की घाटात अंधार करायचा नाही, मुक्कामाच्या गावात कुणा बाईमाणसाला विचारून तिच्या अंगणातच तंबू ठोकायचा, आणि रोज तीनदा फोन. भाचीनं तिन्ही अटी मान्य केल्या. तिची एकच अट होती, मागून मोटरसायकलवर भाऊ पाठवायचा नाही.

रविवारी पहाटे साडेपाचला ती निघाली. गणपतीच्या देवळापुढं सायकल उभी करून कळसाला नमस्कार केला, आम्ही दोघी कडेला उभ्या. वहिनींनी दशम्या, चटणी आणि मूठभर बेदाणे बांधून दिले होते. तेवढं ओझं सायकलला पेलेल का, हेसुद्धा मला तीनदा विचारलं. मी म्हटलं, एकोणीस किलोची सायकल ओढत बाई शिकागोपर्यंत गेली होती, दशम्यांचं काय घेऊन बसलात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साखरप्याहून फोन आला. घाट उतरून खाली पोचली होती, एका शिक्षिकाबाईंच्या अंगणात तंबू लागला होता, आणि ब्रेक दाबून दाबून हात दुखत होते. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, चटणी पुरली का.